टोपी आधी, स्कार्फ नंतर: क्रोशे विणताना मोजणी कुठे चुकते आणि ती कशी सांभाळायची

टोपी डोक्यावर नीट बसत नाही. माथ्याला झालर येते. स्कार्फ एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होतो. क्रोशे शिकणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून या तिघांपाशीच येतात, आणि टाका घालता येत नाही म्हणून त्या आलेल्या नसतात. टाका बहुतेकांना थोड्या सरावाने जमतो. चुकतो तो क्रम. लोकर रंग आवडला म्हणून घेतली जाते, घरात असेल ती सुई वापरली जाते, माप अर्धं विणून झाल्यावर घेतलं जातं आणि टाके मोजायचे राहूनच जातात.

मी इथे टोपी आधी घेतली आहे. नवशिक्यांना सहसा उलटा सल्ला मिळतो, की स्कार्फ सरळ पट्टी असते म्हणून सोपा. मला तसं वाटत नाही. स्कार्फमध्ये प्रत्येक ओळीला दोन कडा येतात, आणि नव्या हाताच्या चुका कडांपाशीच होतात. शंभराहून जास्त ओळी त्याच चुका करत विणल्यावर त्या दिसतात, तेव्हा उसवायची हिंमत राहत नाही. टोपी गोल विणतात, तिला कडा नाहीत. मोजणी काटेकोर ठेवावी लागते, पण एका फेरीत चूक कळते आणि दोन-तीन बैठकींत टोपी पूर्ण होते. तोवर हाताचा ताणही स्थिर झालेला असतो.

## सुरुवातीआधी: टाक्यांची नावं पक्की करा

या लेखात चार टाके लागतात. वर्णन वाचून हातात सुई घेऊन एकदा करून बघा, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही.

- स्लिप स्टिच: सुई टाक्यात घाला, लोकर ओढा आणि तशीच सुईवरच्या फासातूनही बाहेर काढा. याला उंची नसते. जोडण्यासाठी वापरतात.
- मुका खांब (सिंगल क्रोशे): सुई टाक्यात घालून लोकर ओढा, सुईवर दोन फास येतील. वेढा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर.
- अर्धा खांब (हाफ डबल): आधी सुईवर एक वेढा, मग सुई टाक्यात घालून लोकर ओढा. तीन फास येतील. वेढा घेऊन तिन्हींतून एकदम बाहेर.
- खांब (डबल क्रोशे): सुरुवात अर्ध्या खांबासारखीच. तीन फास आल्यावर वेढा घेऊन दोनांतून बाहेर, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून बाहेर.

सावधान: ही नावं अमेरिकी पद्धतीची आहेत. ब्रिटिश पद्धतीत आपल्या मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात आणि खांबाला ट्रेबल. ब्रिटिश नमुना अमेरिकी समजून विणला तर टोपी जवळजवळ दुप्पट उंच आणि जाळीदार होते. ओळखायची खूण सोपी आहे: नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द आला असेल तर तो अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

## टप्पा 1: लोकर आणि सुई निवडा

पहिल्या टोपीसाठी मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर घ्या. लेबलवर गुंड्याच्या चित्रात 4 हा आकडा असतो ती. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाक्याचं तोंड दिसत नाही, मग सुई चुकीच्या जागी जाते. केसाळ, मखमली लोकर दुकानात हात सोडवत नाही, पण तिच्यात टाके मोजता येत नाहीत आणि उसवायला गेलात तर केस एकमेकांत अडकून दोरा तुटतो. ती तिसऱ्या-चौथ्या वस्तूसाठी राहू द्या.

लेबलवर वजनापेक्षा लांबी बघा. 100 ग्रॅमच्या दोन गुंड्यांत मीटर वेगळे असू शकतात आणि विणताना संपतात ते मीटर. मध्यम जाडीच्या लोकरीत मोठ्या माणसाच्या टोपीला साधारण 150 ते 200 मीटर, आणि 18 सेंटिमीटर रुंद, 170 सेंटिमीटर लांब स्कार्फला साधारण 350 ते 450 मीटर धरा. टोपी आणि स्कार्फचा जोड करायचा असेल तर सगळी लोकर एकदम घ्या आणि प्रत्येक लेबलवरचा डाय लॉट क्रमांक (एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा क्रमांक) जुळवून बघा. एकाच रंगाचे दोन लॉट दुकानाच्या दिव्याखाली सारखे दिसतात, आणि अंगावर घातल्यावर उन्हात मधोमध रेघ उमटते.

सुई 5 मिलिमीटरची घ्या. सोबत 4.5 आणि 5.5 च्या हव्यातच, त्या पुढे लागणार आहेत. शिवाय मापाची टेप, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, कात्री आणि खुणेसाठी स्टिच मार्कर. मार्कर नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा चालतो.

सुई पेन्सिलसारखी धरा किंवा सुरीसारखी, दोन्ही बरोबर. मनगट दुखायला लागलं तर मात्र थांबा. दुखऱ्या हाताचा ताण बदलतो आणि ते विणीत लगेच दिसतं.

## टप्पा 2: नमुन्याचा तुकडा विणून मोजा

हा टप्पा सगळे गाळतात. आणि टोपी बसत नाही याचं कारण दहापैकी बहुतेक वेळा इथेच असतं.

22 साखळ्या घाला (सुईवर गाठीचा फास घेऊन वेढा घ्यायचा आणि तो फासातून ओढून काढायचा, ही एक साखळी). पहिल्या दोन सोडून तिसरीपासून प्रत्येकीत एक अर्धा खांब, म्हणजे 20 टाके होतील. वळा, एक साखळी घाला (ती टाका म्हणून मोजायची नाही) आणि पहिल्याच टाक्यापासून पुन्हा 20 अर्धे खांब. तुकडा चौकोनी होईपर्यंत असंच.

मग तो तुकडा तयार वस्तू जशी धुणार तसाच धुवा, सपाट वाळवा आणि मगच मोजा. टेप कडेला लावू नका. कडेचे टाके नेहमी ताणलेले किंवा आखडलेले असतात. मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते लिहून ठेवा. मध्यम लोकर आणि 5 च्या सुईवर साधारण 14 टाके, 11 ओळी येतात. पुढचं उदाहरण याच आकड्यांवर आहे, पण तुमचा आकडा वेगळा असेल तर तो तुमचा बरोबर आकडा. त्यावरच हिशोब करा.

तपासा: तुकडा पुठ्ठ्यासारखा कडक वाटतोय? सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्या. बोट आरपार जाईल इतका सैल आहे? अर्धा मिलिमीटर लहान घ्या. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करून आकडा जुळवायला जाऊ नका. गप्पा मारता मारता हात आपल्या मूळ सवयीवर येतो आणि टोपीचा अर्धा भाग एका ताणाचा, अर्धा दुसऱ्या ताणाचा होतो.

## टप्पा 3: डोकं मोजा, मग गणित करा

टेप भुवयांच्या थोडं वर, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. मोठ्या माणसांचं डोकं बहुधा 54 ते 58 सेंटिमीटर भरतं. उंचीसाठी टेप एका कानाच्या पाळीपासून डोक्यावरून दुसऱ्या कानाच्या पाळीपर्यंत न्या आणि येईल त्याच्या निम्मं करा. कान झाकणारी टोपी यातून साधारण 20 ते 22 सेंटिमीटर उंच ठरते.

आता टोपीचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा कमी ठेवायचा, 3 ते 5 सेंटिमीटरने. क्रोशेची वीण ताणली जाते, आणि ती थोडी ताणलेली असते म्हणूनच टोपी जागेवर राहते. डोक्याएवढीच टोपी विणली तर चार दिवसांत ती भुवयांवर उतरते.

एक उदाहरण घेऊ. डोकं 56, टोपी 52 सेंटिमीटर.

- लागणारे टाके: 52 गुणिले 14 भागिले 10, म्हणजे 72.8.
- अर्ध्या खांबांचा सपाट गोल 8 टाक्यांनी सुरू होतो आणि दर फेरीला 8 ने वाढतो. म्हणून 8 ने भाग जाणारा जवळचा आकडा: 72.
- वाढवायच्या फेऱ्या: 72 भागिले 8, म्हणजे 9.
- माथ्याचा व्यास: 52 भागिले 3.14, म्हणजे साधारण 16.5 सेंटिमीटर.

हे चार आकडे कागदावर लिहून लोकरीच्या पिशवीत ठेवा. त्यातला चौथा सगळ्यांत महत्त्वाचा. नमुन्यात "नऊ फेऱ्या करा" असं लिहिलेलं असतं, पण लिहिणाऱ्याचा हात तुमचा नव्हे. फेऱ्या नऊ झाल्या आणि व्यास 15 भरला, तर टोपी लहान होणार हे तिथेच कळतं.

## टप्पा 4: माथा

सगळी टोपी इथे ठरते, म्हणून इथे सावकाश जा.

फेरी 1. मॅजिक रिंग करा: दोरा बोटांभोवती गुंडाळून कडं करायचं, त्यातून लोकर ओढून एक साखळी घालायची आणि त्या कड्यात 8 अर्धे खांब विणायचे. दोऱ्याचं सुटं टोक किमान 15 सेंटिमीटर ठेवा. कड्यात विणताना सुई दोन दोऱ्यांखालून जायला हवी, कड्याच्या आणि सुट्या टोकाच्या. मग टोक ओढा, मधलं भोक मिटेल. मॅजिक रिंग जमतच नसेल तर 3 साखळ्यांचं स्लिप स्टिचने कडं करा आणि त्यात विणा. भोक किंचित दिसेल, ते शेवटी सुईने आवळता येतं.

पहिल्या टाक्याला लगेच मार्कर लावा. मग स्लिप स्टिच त्या मार्करच्या टाक्यात घालून फेरी जोडा.

फेरी 2. एक साखळी. प्रत्येक टाक्यात 2 अर्धे खांब. एकूण 16.

फेरी 3. एका टाक्यात 1, पुढच्यात 2, असं आठदा. एकूण 24.

फेरी 4. 1, 1, मग 2. आठदा. एकूण 32.

एका टाक्यात 2 घालणं म्हणजे वाढ. पुढे दर फेरीला दोन वाढींमधले सुटे टाके एकाने वाढतात: 40, 48, 56, 64 आणि नवव्या फेरीत 72.

आता फेरी जोडण्याची जागा जवळून बघू, कारण टाके हरवतात किंवा वाढतात ते इथेच. फेरी संपली की स्लिप स्टिच पहिल्या खऱ्या टाक्यात जातो, सुरुवातीच्या साखळीत नाही. मग नवी साखळी घातली की नव्या फेरीचा पहिला टाका त्याच टाक्यात येतो, जिथे जोडलं तिथेच. शेजारचा घेतलात तर एक टाका कमी. आणि फेरीच्या शेवटी स्लिप स्टिचचं तोंड टाक्यासारखंच दिसतं, जरा घट्ट आणि तिरकं. त्यात चुकून अर्धा खांब घातला तर एक टाका जास्त. मार्कर दर फेरीला पहिल्या टाक्यात हलवत राहिलात तर दोन्ही चुका होत नाहीत.

अर्ध्या खांबाची आणखी एक खोड आहे. वरून पाहिल्यावर त्याच्या डोक्यावर इंग्रजी व्हीसारखे दोन दोरे दिसतात आणि मागच्या बाजूला तिसरा आडवा दोरा. सुई वरच्या दोन्ही दोऱ्यांखालून जायला हवी. नवा हात कधी दोन दोऱ्यांखालून, कधी मागच्या एकाखालून घेतो, मग विणीत रेघा उमटतात आणि फेऱ्यांची उंची कमी-जास्त होते. मोजतानाही हे वरचे व्हीच मोजा. सुईवर असलेला फास मोजायचा नाही.

वाढ दर फेरीला एकावर एक आली की माथा गोल न राहता अष्टकोनी होतो. टाळायचं असेल तर पाचव्या फेरीपासून एकाआड एक फेरीत वाढीची जागा सरकवा. उदाहरणार्थ फेरी 5 अशी: आधी 2 सुटे टाके, मग वाढ, नंतर "3 सुटे आणि वाढ" सातदा, शेवटी 1 सुटा. एकूण 40 च होतात, पण वाढीची जागा आधीच्या फेरीच्या वाढीवर येत नाही.

दर फेरीनंतर तपासा: टाके मोजा. मग तुकडा टेबलावर ठेवून हाताने दाबू नका, नुसता बघा.

- कडा लाटांसारखी उठतेय, झालर दिसतेय: टाके जास्त झालेत किंवा वीण खूप सैल आहे.
- मधला भाग वाटीसारखा उचलला जातोय: टाके कमी आहेत किंवा हात घट्ट आहे.
- टाक्यांची संख्या बरोबर असूनही झालर येतेय: तुमच्या विणीत टाक्याची उंची रुंदीच्या मानाने कमी आहे. एक फेरी वाढ न करता विणा, मग पुढे चला.

ही आठाची संख्या अर्ध्या खांबासाठी आहे. सगळी टोपी मुक्या खांबाने विणायची असेल तर 6 ने सुरुवात आणि दर फेरीला 6 ची वाढ. खांबाने विणायची असेल तर 12 आणि 12. एका टाक्याचा नमुना बघून दुसऱ्या टाक्याने विणणं हे झालरीचं हमखास कारण.

नववी फेरी झाली की व्यास मोजा. 16.5 च्या आसपास असेल तर पुढे. अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे चालेल. एक सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर आत्ताच निर्णय घ्या: कमी पडत असेल तर आणखी एक वाढीची फेरी, जास्त असेल तर एक फेरी उसवा. सपाट विणताना आणि गोल विणताना हाताचा ताण थोडा बदलतो, त्यामुळे नमुन्याचा तुकडा नीट मोजलेला असूनही हा फरक पडू शकतो.

## टप्पा 5: बाजू

आता वाढ बंद. प्रत्येक टाक्यात एक अर्धा खांब, दर फेरीला 72. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत काहीच होत नाहीये असं वाटेल, तुकडा सपाटच दिसेल. तिसऱ्या फेरीला तो खाली वळायला लागतो.

या फेऱ्या एकसुरी असतात, म्हणून मोजणी सुटते. दर फेरी मोजणं जिवावर येत असेल तर दर तिसरी मोजा, पण मोजा. आपल्या उदाहरणात माथ्याची त्रिज्या 8 सेंटिमीटरच्या थोडी वर आहे, काठाची पट्टी 4 सेंटिमीटरची होईल, म्हणजे 21 च्या उंचीसाठी बाजू साधारण 9 सेंटिमीटर. 10 फेऱ्या.

तपासा: पाच फेऱ्या झाल्यावर सुई काढून फासाला मार्कर लावा आणि टोपी डोक्यावर घालून बघा. ज्याची टोपी त्याच्याच डोक्यावर. जोडाची रेघ एका बाजूला तिरकी सरकत जाताना दिसेल. ती चूक नाही, गोल विणताना टाके किंचित कलतात. रेघ नकोच असेल तर न जोडता सलग चक्राकार विणतात, पण मग मार्करशिवाय फेरी कुठे संपली ते कळत नाही.

## टप्पा 6: काठाची पट्टी

सुई आता 4.5 ची. याच सुईने पट्टी घट्ट येते आणि टोपी कपाळाला धरून राहते. आधी एक फेरी साध्या खांबांची. पुढच्या फेरीपासून सुई टाक्याच्या डोक्यात न घालता खांबाच्या अंगाभोवती घाला: एका खांबाला समोरून, पुढच्याला मागून, आळीपाळीने. दुसऱ्या फेरीत जो खांब पुढे उचललेला दिसतो त्याला पुन्हा समोरून, मागे गेलेल्याला पुन्हा मागून. अशा तीन फेऱ्या केल्या की उभ्या रेघांची लवचीक पट्टी तयार होते. टाक्यांची संख्या सम हवी, नाहीतर शेवटी दोन सारखे खांब शेजारी येतात. 72 असल्याने आपलं काम सोपं आहे.

शेवटचा जोड सैल ठेवा. शेवटची फेरी आवळून विणली तर टोपी डोक्यातून जाताना कडा करकचते, मग बाकीची टोपी कितीही मापात असली तरी लोक ती घालत नाहीत.

बाळासाठी विणत असाल तर गोंडा, बटण, मणी काहीही लावू नका. सुटलं तर थेट तोंडात जातं. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये, आणि लांब स्कार्फ तर बाळाला आणि लहान मुलांना घालूच नये. गळ्याला फास बसू शकतो.

## टप्पा 7: स्कार्फची पायाची साखळी

स्कार्फला मला मॉस स्टिच सर्वांत योग्य वाटतो: एक मुका खांब, एक साखळी, असा साधा क्रम. वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडा गुंडाळल्या जात नाहीत आणि गळ्याभोवती ती मऊ पडते. नुसत्या मुक्या खांबांचा स्कार्फ जाड आणि ताठ होतो.

सुई 5.5 ची. पायाची साखळी मात्र त्याहून अर्धा ते एक मिलिमीटर मोठ्या सुईने घाला. साखळी घट्ट झाली तर स्कार्फचं पहिलं टोक आखडतं आणि तिथून पुढे तो हातपंख्यासारखा पसरत जातो. मोठी सुई नसेल तर प्रत्येक साखळी सुईच्या जाड दांड्यावर पूर्ण सरकवून मगच पुढची घाला. निमुळत्या मानेपाशी घातलेली साखळी हमखास घट्ट होते.

साखळ्यांची संख्या सम ठेवा. 18 सेंटिमीटर रुंदीला किती लागतील ते आधी छोटा तुकडा विणून ठरवा. इथे उदाहरणाला 36 घेऊ. सुरुवातीची गाठ मोजायची नाही, सुईवरचा फास मोजायचा नाही.

## टप्पा 8: ओळी आणि कडा

ओळ 1. सुईकडून चौथ्या साखळीत मुका खांब. मग "एक साखळी, खालची एक सोडा, पुढचीत मुका खांब" असं शेवटपर्यंत. शेवटच्या साखळीत मुका खांबच यायला हवा. मुके खांब मोजा: 17.

ओळ 2. वळा, 2 साखळ्या. पहिला मुका खांब सोडून लगेच पुढच्या साखळीखालच्या मोकळ्या जागेत मुका खांब. मग "एक साखळी, मुका खांब सोडा, पुढच्या मोकळ्या जागेत मुका खांब". ओळीचा शेवटचा मुका खांब आधीच्या ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्यांमुळे झालेल्या कोपऱ्यातल्या जागेत. पुन्हा 17.

पुढच्या सगळ्या ओळी दुसरीसारख्याच.

स्कार्फ निमुळता होतो तो या कोपऱ्यातल्या जागेमुळे. ओळीच्या शेवटी ती जागा दाबलेली असते, आधीच्या ओळीच्या मुक्या खांबाला चिकटून मागे वळलेली, आणि ओळ संपली असं वाटतं. डाव्या हाताचं बोट कडेमागून पुढे दाबा, ती उघडते. आणखी सोपं म्हणजे वळून 2 साखळ्या घातल्या की लगेच त्यांच्यात मार्कर अडकवा. पुढच्या ओळीत शेवटी तोच मार्कर काढून त्याच जागी मुका खांब घालायचा. पहिल्या वीस ओळी तरी हे करा. मग डोळ्याला जागा ओळखीची होते.

स्कार्फ रुंद होत असेल तर उलटं घडतंय: वळल्यावर पहिल्या मुक्या खांबाच्या डोक्यातही सुई जातेय. तो सोडायचा आहे, त्याची जागा 2 साखळ्यांनी घेतली आहे.

मॉस स्टिचऐवजी साध्या खांबांचा स्कार्फ करत असाल तर वळतानाच्या 3 साखळ्या एक टाका म्हणून मोजतात. तेव्हा पहिला टाका सोडायचा आणि ओळीचा शेवटचा खांब त्या 3 साखळ्यांच्या सर्वांत वरच्या साखळीत घालायचा. मुक्या खांबात वळतानाची 1 साखळी मोजत नाहीत, तिथे पहिल्या टाक्यापासूनच सुरुवात. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की दर ओळीला एक टाका जातो किंवा येतो.

तपासा: दर दहा ओळींनी स्कार्फ सपाट पसरून तीन ठिकाणी रुंदी मोजा: सुरुवातीला, मध्ये आणि सुईजवळ. फरक अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त असेल तर मुके खांब मोजा. संख्या बरोबर असेल तर ताण बदलला आहे, संख्या चुकली असेल तर जिथे चुकली तिथपर्यंत उसवा.

काय उसवायचं आणि काय सोडायचं? टोपीच्या माथ्यातली चूक नेहमी उसवा, ती पुढे वाढत जाते. टोपीच्या बाजूला एखादा टाका कमी-जास्त झाला तर पुढच्या फेरीत एका ठिकाणी वाढवून किंवा दोन टाके एकत्र विणून भरपाई करा, कोणालाही दिसत नाही. स्कार्फच्या कडेची चूक उसवा. स्कार्फच्या मध्यभागी एखाद्या टाक्यात दोऱ्याचा एकच पदर उचलला गेला असेल आणि ते वीस ओळींपूर्वी झालं असेल, तर राहू द्या.

## टप्पा 9: नवा गुंडा, लांबी आणि दशा

नवा गुंडा जोडताना गाठ मारू नका. गाठ आज ना उद्या विणीतून वर येते, नाहीतर सुटते. ज्या मुक्या खांबापाशी जुना दोरा संपतोय त्याचा शेवटचा वेढा नव्या लोकरीने घ्या आणि दोन्ही टोकं 15 सेंटिमीटर सोडा. कडेला जोडायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी असतो, पण स्कार्फच्या कडा उघड्या दिसतात. कडेपासून सात-आठ टाके आत जोडलेलं जास्त चांगलं लपतं.

लांबी टेबलावर मोजून थांबू नका. गळ्यात टाकून उभे राहा. वजनाने वीण खाली ओढली जाते आणि वापराने आणखी लांबते, म्हणून हव्या त्या लांबीच्या चार-पाच सेंटिमीटर आधीच थांबा.

दशा सोडायच्या असतील तर त्यांची लोकर आधी कापून बाजूला ठेवा, शेवटी नाही. तयार दशेच्या दुपटीपेक्षा 2-3 सेंटिमीटर जास्त लांब तुकडे हवेत, कारण गाठीत थोडी लांबी जाते. एखाद्या वहीभोवती लोकर गुंडाळून एका बाजूने कापली की सगळे तुकडे सारखे येतात. गुंडाळताना ओढू नका.

## टप्पा 10: टोकं लपवा, मग धुवा

टोक कापून टाकणं आणि टोक लपवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 15 सेंटिमीटरचं टोक बोथट सुईत ओवा, टाक्यांच्या अंगातून एका दिशेला 4-5 सेंटिमीटर न्या, एक दोरा सोडून उलट दिशेला परत आणा, मग तिसऱ्यांदा थोडं आडवं. वीण हाताने ताणून बघा आणि मगच कात्री लावा. टोपीच्या माथ्याचं टोक तर भोकाभोवती गोल दोन फेरे फिरवूनच लपवा. ते सुटलं तर माथा मधूनच उघडतो.

पहिली धुलाई लेबल बघून करा. खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं दोन्ही चालत नाही. तंतू एकमेकांत गुंततात, वस्तू आटते आणि नमद्यासारखी होते, परत येत नाही. थंड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मापात पसरून सपाट वाळवा. दोरीवर टांगलेला ओला स्कार्फ स्वतःच्याच पाण्याच्या वजनाने लांबतो. गडद रंग वापरला असेल तर नमुन्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कपड्यावर दाबून बघा, रंग जातो का ते कळेल.

सावधान: ॲक्रिलिकला इस्त्री टेकवू नका. वाफेची इस्त्री तीन-चार सेंटिमीटर वर धरून फक्त वाफ द्या, आणि तीही आधी नमुन्याच्या तुकड्यावर. जास्त उष्णता लागली की ॲक्रिलिकचा लवचीकपणा कायमचा जातो. टोपीच्या काठाच्या पट्टीला तर वाफ देऊच नका, तिचं सगळं काम त्या लवचीकपणावर आहे.

टोपीला गोंडा लावणार असाल तर तो धुण्यानंतर लावा, आणि आतल्या बाजूने सुटेल अशा फासाने बांधा. गोंडा ओला झाला की लवकर वाळत नाही, आणि पुढच्या धुलाईला तो काढून ठेवता आला पाहिजे.